मद्यपान करून वाहन चालवणे : धोके आणि कायदा

मद्य पिऊन वाहन चालवणे हा जगात जवळजवळ सर्वत्र गुन्हा आहे. आज बहुतेक ठिकाणी तो सिद्ध करण्यासाठी चालक झोकांड्या खात होता हे दाखवावे लागत नाही. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले होते, एवढे पुरते. पूर्वी सगळा भर साक्षीवर असे : तोंडाला वास, अडखळणारी जीभ, आखलेल्या रेषेवरून चालता न येणे. रोज पिणारा माणूस या कसोट्यांतून सहज निसटे. म्हणून नॉर्वेने १९३६ मध्ये रक्तातील ०.०५ टक्के ही मर्यादाच कायद्यात घातली. ब्रिटनने १९६७ मध्ये १०० मिली रक्तात ८० मिग्रॅ ही मर्यादा ठरवली.

रक्तातील प्रमाणाचा अंदाज बांधण्याची पद्धत स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी घालून दिली आणि ती अजून वापरात आहे. आधी मद्यार्काचे वजन काढायचे : पेयाचे मिली गुणिले मद्यार्काचे प्रमाण गुणिले ०.७८९. पाच टक्क्यांची ५०० मिली बिअर म्हणजे १९.७ ग्रॅम मद्यार्क. चाळीस टक्क्यांची ६० मिली व्हिस्की म्हणजे १८.९ ग्रॅम. ‘फक्त बिअरच घेतली’ या सबबीत काही अर्थ नाही तो यामुळे. हे ग्रॅम शरीराच्या वजनाने आणि एका गुणकाने भागायचे. हा गुणक पुरुषांसाठी सरासरी ०.६८, स्त्रियांसाठी ०.५५. मद्यार्क शरीरातील पाण्यात पसरतो आणि स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते, म्हणून हा फरक. चाळीस ग्रॅम मद्यार्क ७० किलोच्या पुरुषाला १०० मिली रक्तात सुमारे ८५ ते ९० मिग्रॅपर्यंत नेतो. ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे १४० पर्यंत. हे आकडे सरासरीचे आहेत. त्यांच्या भरवशावर ‘एवढे चालेल’ असे ठरवणाऱ्याची फसगत होते, कारण व्यक्तीव्यक्तीत बराच फरक पडतो.

खरी गफलत वेळेच्या हिशोबात होते. मद्यार्काचे शोषण मुख्यतः लहान आतड्यात होते. रिकाम्या पोटी ते लवकर होते, भरल्या पोटी रेंगाळते. शेवटचा घोट घेतल्यावरही रक्तातील प्रमाण अर्धा ते दीड तास चढत राहू शकते. निघताना बरे वाटणारा चालक वाटेत अधिक नशेत जातो तो यामुळे. उतरण मात्र संथ आणि जवळजवळ सरळ असते. यकृतातील विकरे थोड्याशा मद्यार्कानेच पूर्ण कामाला लागतात, त्यामुळे कितीही प्यायले तरी वेग वाढत नाही : तासाला साधारण १० ते २० मिग्रॅ, सरासरी १५. रात्री एक वाजता १६० मिग्रॅवर असलेला माणूस झोप काढून सकाळी आठला उठला, तरी त्याच्या रक्तात ५० च्या आसपास मिग्रॅ उरलेले असतात. कॉफीने झोप उडते, पण प्रमाण कमी होत नाही. थंड पाण्याची आंघोळ, लिंबू, उलटी यांचेही तेच. उलटीने फार तर अजून पोटात असलेले मद्य बाहेर पडते. रक्तात गेलेले तिथेच राहते.

वाहन चालवण्याची कौशल्ये एकदम जात नाहीत, एकामागून एक ढिली पडतात. २० मिग्रॅच्या सुमारास एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे जड जाऊ लागते, आणि चालकाचे काम नेमके तेच असते : आरसा, पुढची गाडी, कडेने चालणारा माणूस. ५० च्या पुढे नजरेने हलत्या वस्तूचा माग घेणे आणि गाडी सरळ ओळीत ठेवणे बिघडते. समोरच्या दिव्यांच्या झोताने दिपलेले डोळे सावरायला वेळ लागतो. ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा पडला तर आठ मीटरहून अधिक अंतर हातचे जाते. दुचाकीवर तोलही सांभाळायचा असल्याने थोड्या मद्यानेही धोका वाढतो. झोपेची किंवा चिंतेवरची औषधे, सुस्ती आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या सोबत घेतल्या असतील तर कमी प्रमाणही भारी पडते. सगळ्यांत आधी ढळतो तो स्वतःविषयीचा अंदाज. सराईत पिणाऱ्याची जीभ अडखळत नाही, पण अवचित काही समोर आले की त्याचा निर्णयही चुकतो. जखमी झाल्यावर आणखी एक अडचण येते : गुंगी दारूची की डोक्याच्या माराची, हे डॉक्टरांना लवकर ओळखता येत नाही.

नाकाबंदीतील श्वासचाचणीच्या यंत्रात बहुधा इंधन-घट असतो. श्वासातील मद्यार्काचे त्यात ऑक्सिडीकरण होते आणि निर्माण झालेला विद्युतप्रवाह मोजला जातो. रॉबर्ट बोर्केनस्टीन यांचे १९५४ चे ‘ब्रेथलायझर’ रंगबदलावर चाले. एक मिली रक्तात जेवढा मद्यार्क, तेवढा साधारण २१०० मिली श्वासात, असे गृहीत धरून अनेक यंत्रांत रूपांतर केले जाते. फुप्फुसाच्या खोल भागातील हवा हवी असते, म्हणून फुंकर लांब मागतात. नुकतीच चूळ भरलेला माउथवॉश किंवा ढेकर यांमुळे आकडा फुगू शकतो. त्यासाठी चाचणीआधी सुमारे पंधरा मिनिटे थांबण्याची पद्धत आहे.

मर्यादा देशागणिक वेगळ्या आहेत. १०० मिली रक्तामागे स्वीडन आणि नॉर्वेत २० मिग्रॅ, भारतात ३०, युरोपातील बऱ्याच देशांत ५०, इंग्लंड-वेल्समध्ये अजून ८०. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ८०, यूटामध्ये ५०. चेकिया आणि हंगेरीत शून्य. नवशिक्या व व्यावसायिक चालकांसाठी पुष्कळ ठिकाणी मर्यादा आणखी खाली आहे. मर्यादेच्या आत असणे म्हणजे मोकळीक नव्हे : जर्मनीत ३० मिग्रॅवरही गाडी वेडीवाकडी चालली तर फौजदारी खटला होऊ शकतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी २०१९ च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे. कोणी दगावले तर प्रकरण निष्काळजीपणावर थांबेलच असे नाही. मुंबई आणि दिल्लीतील दोन अपघातांत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचे कलम लागू धरले.

फुंकर मारायला नकार देऊन सुटका होते हा समज बहुतेक ठिकाणी महागात पडतो. ब्रिटनमध्ये सबळ कारणाविना नकार हा स्वतंत्र गुन्हा आहे. तिथे उभ्या गाडीत किल्लीसह झोपलेल्या मद्यधुंद माणसावरही ‘वाहन ताब्यात असल्या’चा खटला होऊ शकतो, गाडी चालवण्याची शक्यता नव्हती हे मग त्याला दाखवावे लागते. जपानने २००७ पासून प्यायलेल्याला गाडी देणारा, चालकाला दारू पाजणारा आणि जाणूनबुजून सोबत बसणारा यांनाही शिक्षेच्या कक्षेत आणले. विमा कंपन्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा सहसा फेटाळतात. तिऱ्हाइताला दिलेली भरपाई नंतर चालकाकडून वसूल करण्याची वाटही अनेक ठिकाणी त्यांना मोकळी असते.

परवाना परत देताना काही देश गाडीत श्वासकुलूप बसवण्याची अट घालतात. यंत्रात फुंकल्यावर प्रमाण मान्य असेल तरच इंजिन सुरू होते, आणि दुसऱ्याकडून फुंकवून घेऊन निघू नये म्हणून वाटेत अधूनमधून पुन्हा फुंकर मागितली जाते.