मडक्यावरचं फूल: आव्यात गेलं ते राहिलं, बाकीचं धुऊन गेलं

दिवाळीत मावसभावानं पुण्याहून एक मग आणला. हातानं घडवलेला, लाकडाच्या भट्टीत भाजलेला, पोटावर निळं जास्वंदीसारखं फूल. किंमत ऐकून आईनं तो लगेच वरच्या फळीवर ठेवला. आणि हा देता देता म्हणतो कसा, आपल्या मराठवाड्यात असलं काही कधी नव्हतंच, आपलं नुसतं साधं लाल मडकं. मी म्हणलं थांब जरा. तेवढ्यावरून हे सगळं लिहायला घेतलंय.

नक्षीला सुरुवात झाली ती रेघेनं, फूल मागून आलं. संगमनेरजवळ जोर्वे म्हणून गाव आहे, तिथं 1950 मधे खोदकाम झालं आणि लाल मडक्यांवर काळ्या रंगानं काढलेल्या आडव्यातिडव्या रेघा, चौकटी, त्रिकोण असं बरंच काही निघालं, म्हणून त्या सगळ्या प्रकाराला जोर्वे भांडी म्हणतात. तीन हजार वर्षांपेक्षा जुना माल. आपल्याकडं फूल ठसठशीत दिसतं ते सातवाहनांच्या काळात, आणि ते बघायला धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जावं लागतं.

पावसाळा संपला की तेरच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, एक चक्कर मारा, पायाखाली खापरंच खापरं, पाऊस माती धुऊन नेतो अन् काठ, बुडं, तोट्या आपोआप वर येतात. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी असल्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, आता त्यांच्या नावाचं म्युझियम आहे गावात. हे तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक नोंदीत भडोचपासून दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर असा हिशेब दिलाय, पैठणहून अकीकासारखे दगड जायचे आणि तगरहून कापड. मडक्यांचं नाव नाही त्यात, साहजिकच आहे, बैलगाडीत एवढ्या लांब मडकी कोण नेणार.

पण म्युझियममधे काचेजवळ नाक नेऊन त्या बोटभर मूर्ती बघा. पांढऱ्या केओलिन मातीच्या, पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही ओल्या असतानाच जोडलेल्या, शिवण अजून दिसते काहींच्या कुशीला. आणि त्यांच्या केसांत, दागिन्यांत फुलांची नक्षी. पाकळी साच्यात कोरलेली, म्हणजे ओल्या मातीत दाबली की उमटली, मग आगीत गेली आणि कायमची झाली. माझा सगळा मुद्दा इथंच आहे, तो पुढं येतोच.

आता आग. लाकडात भाजलेलं असं आज मोठ्या कौतुकानं सांगतात, पण आमच्याकडं आव्याला, म्हणजे कुंभाराच्या भट्टीला, नुसतं लाकूड कधी परवडलं? गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या, जमलंच तर बाभळीचं जळण. मडकी एकावर एक रचायची, मधे जळण, वरून फुटकी खापरं आणि राख-मातीचा थर, आणि रात्रभर धुमसू द्यायचं. हवा खेळती असेल तर मातीतलं लोखंड लाल होतं, हवा कोंडली तर काळं. सातवाहन काळातली आतून काळी-बाहेरून लाल भांडी याच युक्तीची, मडकं पालथं घालून तोंड कोंडायचं, बाहेरून मात्र हवा लागू द्यायची, रंग वगैरे काही नाही त्यात.

माती हा वेगळाच ताप. आपली काळी माती कापसाला सोनं, पण कुंभाराला नुसती वापरायची तर डोकेदुखी, पाणी लागलं की फुगते आणि वाळली की भेगा, उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात तेच मडक्याचं होणार. म्हणून तळ्याचा किंवा नदीचा गाळ, पोयटा आणायचा, त्यात राख आणि गाढवाची लीद घालायची आणि पायानं तुडव तुडव तुडवायची. ही तुडवणी किती गुंगवून टाकणारी असते ते तेरच्याच गोरोबाकाकांच्या कथेत आहे, विठ्ठलाच्या नादात पायाखाली स्वतःचं लेकरू आलं तरी कळलं नाही. त्यांची समाधी तिथंच आहे, परंपरेनं शके 1239, म्हणजे इसवी सन 1317 ची. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून नामदेवांना कच्चं मडकं ठरवणारेही तेच काका.

मग मधल्या काळात फूल गेलं कुठं? कुठंच गेलं नाही. लग्नातली रंगवलेली उतरंड आठवा, संक्रांतीचे खण, म्हणजे वाणाची छोटी मडकी, आठवा. आमची आज्जी बाजारातून पाच खण आणायची, गेरूनं लाल केलेले, त्यावर चुन्याचे ठिपके आणि गुलाबी-हिरव्या रंगाच्या चार-पाच पाकळ्या, काडीला कापूस गुंडाळून एका झटक्यात काढलेल्या. त्यात बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या भरायच्या. एकदा मी लहान असताना शहाणपणा करून ते नळाखाली धरले, सगळा बगीचा माझ्या हातावर उतरला आणि वर आज्जीचा धपाटा पडला तो वेगळाच.

कारण हे फूल भाजल्यानंतर काढलेलं. सणापुरतं, लग्नापुरतं. त्याचं खापर दोन हजार वर्षांनी कुणाला सापडलं तरी ते कोरं लाल खापरच दिसणार, आणि मावसभावासारखा कुणीतरी म्हणणार की यांना नक्षी येतच नव्हती.

त्या मगाचं फूल मात्र राहणार. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आगीत दगडासारखी घट्ट होणारी माती, तिच्यात लोखंड कमी, भट्टी 1200 अंशांच्या वर, आपला आवा 700-800 च्या आसपास. रंग आधी लावतात, वर काचेसारखा ग्लेझ, कधी लाकडाची राखच उडून बसते आणि तिचाच ग्लेझ होतो. तंत्र भारी आहे, नाही कशाला म्हणू. इकडं बदललं ते चाक, 2020 मधे खादी ग्रामोद्योग आयोगानं नांदेड-परभणीतल्या 100 कारागिरांना विजेची चाकं दिली. पण चाकानं घडवण्याचे कष्ट वाचतात, फूल पक्कं व्हायचं तर भट्टी बदलायला पाहिजे.

तो मग अजून फळीवरच आहे, आई वापरू देत नाही. मावसभावाला या संक्रांतीला पाच खण पाठवले, चांगले फुलं काढलेले बघून. धुऊ नको म्हणून सांगायचं तेवढं राहिलं.