अमेरिकेची राज्यघटना : तत्त्वे आणि जडणघडण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा कारभार आजही ज्या लिखित राज्यघटनेनुसार चालतो, ती १७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झाली आणि १७८९ मध्ये अंमलात आली. सत्ता एका हाती एकवटली की ती जुलमी होते, ही धास्ती तिच्या रचनेच्या मुळाशी आहे.

ही धास्ती अनुभवातून आली होती. ब्रिटिश संसदेत आपला एकही प्रतिनिधी नसताना तिने लादलेले कर वसाहतींनी नाकारले आणि ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचा मसुदा मुख्यतः टॉमस जेफरसनचा. सर्व माणसे समान आहेत आणि सरकारला अधिकार मिळतो तो लोकांच्या संमतीतूनच, ही त्याची भूमिका होती.

राजा गेला, तरी भीती गेली नाही. १७८१ मध्ये लागू झालेल्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या पहिल्या घटनेने काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या मध्यवर्ती प्रतिनिधिसभेला, कर बसवण्याचा अधिकारच दिला नाही. राज्ये देतील तेवढ्यावर भागवायचे. दुरुस्तीसाठी तेराही राज्यांची संमती हवी. एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे आयातकराची योजना बारगळली. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनिएल शेजच्या नेतृत्वाखाली न्यायालये बंद पाडली, तेव्हा काँग्रेस हतबल ठरली.

मे ते सप्टेंबर १७८७ या काळात ५५ प्रतिनिधींनी जॉर्ज वॉशिंग्टनच्या अध्यक्षतेखाली बंद दारांआड नवी घटना घडवली. मोठ्या आणि लहान राज्यांचा वाद चिघळला होता. काँग्रेसची दोन सभागृहे, त्यांपैकी प्रतिनिधीगृहात लोकसंख्येनुसार जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन, या तोडग्याने तो मिटला. सत्ताविभाजनात जेम्स मॅडिसनच्या विचारांची छाप दिसते. कायदा काँग्रेस करते, अध्यक्ष तो नाकारू शकतो आणि दोन्ही सभागृहे दोन तृतीयांश बहुमताने तो नकार मोडू शकतात. न्यायाधीश अध्यक्ष नेमतो, पण सिनेटच्या संमतीने.

घटना घडवणाऱ्या याच सभेत समतेच्या तत्त्वाला सर्वांत मोठा तडा गेला. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही नाही, पण गुलामगिरीला संरक्षण आहे. प्रतिनिधित्व मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरली गेली. मत गुलामाला नव्हतेच, मात्र त्याच्या मोजणीमुळे दक्षिणेकडील राज्यांना प्रतिनिधीगृहात जादा जागा आणि अध्यक्षनिवडीत जादा मते मिळाली. गुलामांच्या आयातीवर १८०८ पूर्वी बंदी घालण्यासही काँग्रेसला मनाई होती. संघ टिकवण्यासाठी हे अपरिहार्य होते असे सांगितले जाते. पण त्याची किंमत मोजली ती त्या सभेत आवाजच नसलेल्यांनी, हे नोंदवल्याशिवाय या घटनेचे वर्णन प्रामाणिक ठरत नाही. पुढे गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला.

मंजुरीसाठी नऊ राज्ये पुरेशी होती. हक्कांची हमी नाही म्हणून अनेकांचा कडवा विरोध झाला. त्या विरोधाचे ऋण मोठे आहे. त्यातूनच १७९१ मध्ये पहिल्या दहा घटनादुरुस्त्या, म्हणजे ‘हक्कांची सनद’, आली.

वॉशिंग्टन दोन कार्यकाळांनंतर १७९७ मध्ये स्वेच्छेने पायउतार झाला. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा एरन बर यांना अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची प्रत्येकी ७३ मते पडली. बरोबरीमुळे निर्णय प्रतिनिधीगृहाकडे गेला. तेथे ३६ वेळा मतदान झाल्यावर जेफरसन निवडून आला आणि पराभूत सत्ताधारी पक्षाने सत्ता शांततेने सोपवली. १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी घटनाविरोधी कायदा अवैध ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार प्रस्थापित केला. सर्वोच्च न्यायालयाने तो काँग्रेसच्या कायद्याविरुद्ध पुन्हा वापरला तो थेट १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट खटल्यात, आणि तोही गुलामगिरीच्या बाजूने. हा निकाल यादवी युद्धानंतर १८६५ आणि १८६८ च्या घटनादुरुस्त्यांनी निष्प्रभ केला.