काचबिंदू

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृक्‌तंत्रिकेचा ऱ्हास होऊन दृष्टिक्षेत्र बहुधा कडेकडून आकसत नेणारा विकारसमूह. नेत्रजलाचा, म्हणजे डोळ्याच्या आत पाझरणाऱ्या द्रवाचा, निचरा अडून वाढलेला दाब हे त्याचे प्रमुख कारण असले, तरी दाब सर्वसाधारण मर्यादेत असतानाही हा विकार जडतो.

नाव काहीसे फसवे आहे. आयुर्वेदात ‘काच’ ही तिमिर (दृष्टी अंधुक होणे) आणि लिंगनाश (दृष्टी नष्ट होणे) यांमधील अवस्था असून तिचा संबंध सामान्यतः मोतीबिंदूशी लावतात. ग्रीक ‘ग्लॉकोसिस’ या संज्ञेचीही मोतीबिंदूशी अशीच सरमिसळ झाली होती. मोतीबिंदू म्हणजे भिंगाचीच अपारदर्शकता, हे अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये दाखवले गेल्यावर ती सुटू लागली. सुश्रुतसंहितेतील ‘अधिमंथ’ हा तीव्र काचबिंदूच, असे काही अभ्यासक मानतात. डोळा उपटला जात असल्यासारखी, घुसळल्यासारखी आणि अर्धे डोके व्यापणारी वेदना, तसेच कफज प्रकारात सात, वातज प्रकारात सहा व रक्तज प्रकारात पाच रात्रींत होणारा दृष्टिनाश ही वर्णने त्यास अनुकूल आहेत. तथापि संहिता अधिमंथाचा उगम उपेक्षित अभिष्यंदात, म्हणजे डोळे येण्यात, सांगते. त्यामुळे दाहोत्तर दाबवाढीपुरतेच हे साम्य मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या, डोळ्याच्या आत पाहण्याच्या नेत्रदर्शकामुळे (१८५१) तंत्रिकेची खोलगट झालेली चकती जिवंत डोळ्यात दिसू लागली. जर्मन नेत्रवैद्य ग्रेफे यांनी १८५७ च्या सुमारास बुबुळाच्या रंगीत पडद्याचा तुकडा काढून तीव्र प्रकारावर इलाज केला. मद्रास येथे नेत्रवैद्य एलियट यांनी १९०९ मध्ये शुभ्रपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला, छिद्र पाडून निचऱ्याची वाट केली. केर्न्स यांची ट्रॅबेक्युलेक्टमी ही शस्त्रक्रिया (१९६८) हे त्याच कल्पनेचे सुरक्षित रूप होय. पुढे टिमोलोल (१९७८) व लॅटानोप्रोस्ट (१९९६) या थेंबांनी उपचार सोपे झाले.

दाब मोजताना डोळा थेंबांनी बधिर करतात, त्यात पिवळा रंग घालतात आणि निळ्या उजेडात दाबमापकाचा शंकू बुबुळावर टेकवून दिसणाऱ्या दोन अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा जुळवतात. मोतीबिंदूबाबतचा ‘पिकू द्या, मग बघू’ हा घरगुती सल्ला येथे घातक ठरतो, कारण गेलेली दृष्टी आजच्या उपचारांनी परत येत नाही.

ब्रिटनमधील २०१९ च्या एका चाचणीनंतर थेंबांऐवजी प्रथम लेसर वापरण्याकडे कल वाढला आहे. निकोटिनामाइडने (ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप) तंत्रिकापेशींचे रक्षण होते का, हे मानवी चाचण्यांतून तपासले जात आहे. दाबवाढीने दृष्टी मंदावलेल्या उंदरांत तीन जनुकांच्या साहाय्याने ती काही अंशी परतल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.