गोल पिन आणि चौकोनी पिन: कोकणातल्या बोर्डामागची पार्श्वभूमी

खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात ज्या घरातलं कुणी आखातात असतं, तिथे फ्रिजवरच्या डब्यात ॲडॉप्टर सापडतातच. चौकोनी पिनेला गोल करणारा, चपट्या पिनेला गोल करणारा, सगळं गिळणारा पांढरा ठोकळा. हे डबे का भरले, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

आधी शब्दांचा गुंता. आपल्याकडे वायरच्या टोकाला ‘पिन’ म्हणतात आणि बोर्डावरच्या भोकांना ‘प्लग’. दुकानदार मात्र टोकालाही प्लग म्हणतो. इथे टोकाची ती पिन आणि भिंतीतलं ते सॉकेट, असंच धरू.

सुरुवातीचा काळ सगळ्यांना साधारण ठाऊक आहे. 1882 साली न्यूयॉर्कमध्ये 110 व्होल्टच्या आसपासची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज विकायला सुरुवात झाली आणि अमेरिका त्या आकड्याच्या जवळच राहिली. पुढे एसी, म्हणजे सतत दिशा पालटणारी वीज, आल्यावर तिथे 60 हर्ट्झ (सेकंदाला 60 आवर्तनं) रुळलं, जर्मनीत 50. जपानने टोकियोसाठी जर्मन यंत्रं घेतली आणि ओसाकासाठी अमेरिकन, म्हणून त्या देशात आजही पूर्वेला 50 आणि पश्चिमेला 60 आहे. पुढे बहुतेक ठिकाणी हेच घडलं: जिथून यंत्रं आली, तिथलेच आकडे आले.

आपल्याकडे यंत्रं आणि नियम ब्रिटिश वळणाचे. खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 चं, नंतर भिवपुरी, मग भिरा. तिन्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी, आपल्या रायगडात, आणि वीज मात्र मुंबईच्या गिरण्यांना. साठच्या दशकात चिपळूणजवळ पोफळीला कोयनेची वीज सुरू झाली, तेव्हाही भोवतालच्या कितीतरी वाड्यांवर कंदीलच होते. तारा आल्या तोवर पिनेचा निर्णय केव्हाच होऊन गेला होता.

तो निर्णय नीट पाहायला हवा, कारण त्याबद्दल सर्रास चुकीचं बोललं जातं. आपली तीन गोल पायांची पिन 1934 च्या ब्रिटिश मानकातली आहे. त्यात 2, 5, 15 आणि 30 अँपिअर अशी मापं होती. आपल्या घरांत 5 आणि 15 टिकली. आज त्यांच्यावर 6 आणि 16 छापतात, पण वायरमन अजून ‘पाचाची’ आणि ‘पंधराची’ असंच म्हणतो. ब्रिटनने 1947 साली ही पिन बाजूला ठेवून चौकोनी पायांची 13 अँपिअरची पिन आणली. आपण त्याच वर्षी स्वतंत्र झालो आणि गोल पिनेवरच राहिलो. ‘साहेबाने टाकून दिलेलं आपण कवटाळून बसलो’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे. मला ते पटत नाही.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये तांब्याची टंचाई होती आणि घरं भराभर बांधायची होती. प्रत्येक सॉकेटला बोर्डापासून वेगळी वायर ओढण्याऐवजी 30 अँपिअरचं एकच कडं घरभर फिरवायचं आणि त्यावरच सगळी सॉकेटं बसवायची, असं तिथे ठरलं. त्यातून नवा धोका आला. बोर्डावरचा फ्यूज 30 चा, त्यामुळे टेबललॅम्पची बारीक वायर जळून जाईल तरी तो उडणार नाही. म्हणून प्रत्येक पिनेच्या पोटात वेगळा छोटा फ्यूज घातला. जुनी गोल पिन चुकून नव्या सॉकेटात जाऊ नये म्हणून पायही मुद्दाम चौकोनी केले.

म्हणजे चौकोनी पिन हा त्या कड्याचाच एक भाग आहे. आपल्या घरांत कडं कधी आलंच नाही. बोर्डापासून वेगवेगळ्या लाईनी निघतात आणि प्रत्येकीला तिचा चिनी मातीचा किटकॅट फ्यूज, आता एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. अशा घरात नुसती पिन बदलून काय साधलं असतं? दुसरी बाजूही खरी आहे. तेव्हा वीज असलेली घरं मोजकी होती आणि बदलायचं असतं तर ती वेळ सोपी होती. पण गोल पिनेवर राहिलेले आपण एकटे नाही. केपटाऊनला शंभरेक वर्षांपूर्वी गेलेल्या कोकणी कुटुंबांच्या भिंतींवरही हीच पंधराची गोल पिन बसते.

आखाताने सगळं पुन्हा ढवळलं. सत्तरच्या दशकापासून आपली माणसं कुवेत, दुबई, कतारला जाऊ लागली. तिथे चौकोनी पिन, पण व्होल्टेज आपल्याच पट्ट्यातलं आणि 50 हर्ट्झ. वस्तू इथे चालते, फक्त पिन बसत नाही. मग वायरमन ती कापून दुकानातली गोल पिन लावतो. कचऱ्यात जातो तो पोटातला 3 किंवा 13 चा फ्यूज, आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं.

सौदीचं प्रकरण वेगळं. तिथे अमेरिकन वळण: 60 हर्ट्झ, आणि घरात बराच काळ 127 व्होल्ट, कारण तिथे दोन फेजमध्ये (वीज आणणाऱ्या तारांमध्ये) 220 असतात, आणि एक फेज व न्यूट्रल (परतीची तार) यांच्यात त्याला तीनच्या वर्गमुळाने भागलेले, म्हणजे 127. अलीकडे तो देश 230 कडे वळतो आहे. आमच्याकडे मामाने आणलेला मिक्सर होता. पांढऱ्या ठोकळ्यात चपटी पिन आरामात बसली. बटण फिरवल्यावर आवाज चढत चढत शिट्टीसारखा झाला आणि ओल्या खोबऱ्याच्या वासात जळका वास मिसळला. बुडाशी पट्टीवर ‘127’ स्पष्ट छापलेलं होतं. ठोकळा पायांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. मिक्सरच्या कार्बन ब्रशवाल्या मोटरला हर्ट्झने फारसा फरक पडत नाही. तिथले फ्रिज मात्र 220 चे असले तरी इथे 50 वर हळू फिरतात आणि तापतात. तिथल्या वस्तूंत काळी वायर फेजची असू शकते, आणि आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. मोबाईलच्या चार्जरवर ‘100–240’ आणि ‘50/60’ असतं, म्हणून त्याला यातलं काहीच बाधत नाही.

ब्रिटनचे 240 आणि युरोपचे 220 पुढे कागदावर 230 वर जुळवले गेले, आपणही तेच लिहितो. वाडीच्या शेवटच्या खांबावर संध्याकाळी पंप सुरू झाले की किती मिळतात, तो वेगळा विषय.

राहिला तिसरा, लांब आणि जाड पाय. तो लांब ठेवला, कारण पिन घालताना अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, सगळ्यांच्या आधी जोडलं जावं. कोकणात नेमकं तेच कच्चं राहतं. जांभ्याच्या सड्यावर अर्थिंगची प्लेट पुरली तर पावसाळ्यात ठीक, पण फाल्गुनापासून खडक सुकतो आणि वीज जमिनीत उतरायला वाट देत नाही. पिन गोल असो की चौकोनी, तेव्हा हा पाय नुसता शोभेचा. म्हणून जाणते वायरमन खड्ड्यात कोळसा-मिठाचे थर देतात, पाईप वर काढून ठेवतात आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, लावायला सांगतात. आमच्याकडे चैत्र लागला की आई तुळशीला पाणी घालून उरलेला तांब्या त्या पाईपात ओतते.