पॉलिहाऊसमधील मिरची : वाढीची माध्यमे (नागपूर)

पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे प्लास्टिकने झाकलेल्या मांडवात, जमिनीऐवजी कोकोपीट, परलाइट, भाताचे तूस अशा माध्यमाने भरलेल्या पिशव्यांत, ठिबकमधून खतपाणी देऊन मिरची घेण्याची पद्धत. ती मुख्यतः रंगीत ढोबळी मिरचीसाठी वापरतात. तिखट मिरची नागपूर जिल्ह्यात उघड्या रानातली; भिवापूरच्या मिरचीला तर भौगोलिक मानांकन आहे.

इथली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. झडीच्या दिवसांत ती पाणी धरून बसते, मुळे गुदमरतात आणि मर लागते, म्हणजे रोपे कोमेजून वाळतात. पाणी आणि हवा दोन्ही मुळांना मिळतात तो वाफसा या मातीत फार थोडा काळ टिकतो. पिशवीतली शेती म्हणजे तोच वाफसा रोज राखणे.

कोकोपीट सर्वांत सोयीचे, पण त्याची तयारी टाळता येत नाही. नारळाच्या काथ्याच्या या भुशात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात. कोकोपीटची दाबलेली वडी भिजवली की पहिले पाणी कोऱ्या चहासारखे निघते. धुणे तिथेच थांबवले तर कोवळ्या पानांच्या कडा करपतात. धुतल्यावर ते कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवतात. नाहीतर पुढे कोकोपीटच कॅल्शियम धरून ठेवते आणि फळांची बुडे काळी पडतात. ओलीची परीक्षा मुठीत होते: घट्ट दाबल्यावर बोटांतून दोन-चार थेंब यावेत, धार लागू नये.

परलाइट म्हणजे तापवून फुगवलेली ज्वालामुखी काच. त्याने हवा खेळती राहते, पण पाणी कमी टिकते. वीज जाऊन ठिबक थांबले तर नागपूरच्या उन्हात निव्वळ परलाइटमधले रोप लवकर माना टाकते; म्हणून ते कोकोपीटमध्ये मिसळलेलेच बरे. भाताचे तूस भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमधून मिळते. कच्चे तूस कुजताना नत्र ओढते. जाळून काळे केलेले चालते, मात्र त्याने सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) वाढतो. मिरचीला सामू 5.5 ते 6.5 लागतो आणि बोअरचे जड पाणीही तो वरच ढकलते, तेव्हा हे तूस बेतानेच घालावे.

उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जातो. 35 च्या आसपासच ढोबळीची फुले गळू लागतात. कोरड्या हवेत ओल्या पॅडमधून पंख्याने खेचलेला वारा घरच्या कूलरसारखाच गारवा देतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याचा उपयोग थोडा. पिशवी बाहेरून पांढरी घ्यावी. काळी पिशवी दुपारी मुळांनाच भाजते.