मुठीतला चेंडू

शिकागोच्या शाळांमधल्या ‘बिकमिंग अ मॅन’ या उपक्रमात मुलांच्या जोड्या लावून एक खेळ घेतात. एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला म्हणतात, 30 सेकंदांत त्याच्याकडून हा घे. लगेच झटापट, बोटं पिरगळणं. वेळ संपल्यावर समुपदेशक विचारतो, नुसता मागितला का नाहीस? ‘त्यानं दिलाच नसता!’ मग चेंडूवाल्याला विचारलं की तो म्हणतो, ‘दिला असता की. चेंडूच तर आहे.’

या मुलांना अक्कल नाही असं नाही. त्यांच्या गल्लीत एकदा पड खाल्ली की रोजचं लुबाडणं मागे लागतं. तिथे हात आधी उचलणं हे शहाणपणच. पण वर्गात शिक्षकांनी आवाज चढवल्यावरही तोच हात आपसूक उठतो, आणि घात होतो. ‘सीबीटी’ या, बोलून विचारांच्या सवयी बदलण्याच्या उपचारपद्धतीवर बेतलेला हा उपक्रम ‘मारामारी वाईट’ असा उपदेश करत नाही. हात उठण्याआधी क्षणभर थांबायची सवय लावतो.

चिठ्ठ्या टाकून मुलं निवडलेल्या चाचण्यांत, उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका 45 ते 50 टक्क्यांनी घटल्या. त्याच शहरातल्या बालबंदीगृहात अशीच पद्धत वापरल्यावर मुलं परत आत येण्याचं प्रमाण 21 टक्क्यांनी कमी झालं. मात्र शाळेतल्या मुलांमध्ये उपक्रम संपल्यावर अटकांवरचा परिणाम ओसरला. माझ्या मते यात नवल नाही: मुलगा बदलला तरी घर आणि गल्ली तीच.

अमेरिकेतल्याच मिझुरी राज्यात मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बोर्डुइन यांनी त्याआधीच घर गाठलं होतं. त्यांच्या ‘मल्टिसिस्टेमिक थेरपी’त समुपदेशक घरी जातो. पोरगा कोणाबरोबर फिरतो, शाळेशी कोण बोलतं, आईवडिलांचा शब्द घरात का चालत नाही, हे सगळं तिथेच बसून सोडवतो. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 176 मुलं होती. चार वर्षांत या थेरपीच्या गटातली 26 टक्के मुलं पुन्हा पकडली गेली. एकट्या मुलाशीच बोलणाऱ्या उपचाराच्या गटात 71 टक्के. सुमारे 22 वर्षांनंतरही दोन्ही गटांत फरक दिसत होता.

इंग्लंडमध्ये मात्र 684 कुटुंबांवरच्या चाचणीत हीच पद्धत तिथल्या नेहमीच्या सेवांपेक्षा सरस ठरली नाही. त्या सेवा आधीच बऱ्यापैकी भक्कम होत्या, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.