सांधा धरून ठेवणारा हात

लाकडाचे दोन तुकडे चिकटवले की ते सुकेपर्यंत हलू न देता धरून ठेवावे लागतात. क्लॅम्प जन्मला तो एवढ्याच गरजेतून. म्हणूनच त्याचा इतिहास सांगताना सुरुवात सरसापासून करावी लागते.

इजिप्तमध्ये थीब्ज इथे रेखमिरे नावाच्या वजिराची कबर आहे, इ. स. पू. १५व्या शतकातली. तिच्या भिंतीवर सुतार काम करताना रंगवले आहेत आणि जवळच विस्तवावर सरसाचे भांडे दिसते. कातडी-हाडे उकळून केलेला हा सरस गरम असेतो पातळ राहतो आणि निवू लागला की आळतो. फळ्यांच्या कडांवर नीट रंधा मारलेला असेल, तर सरस लावून त्या एकमेकींवर घासायच्या. सरस धरू लागला की हात काढता येतो. जास्त दाब हवाच असेल तर वजन ठेवायचे, पाचर ठोकायची, नाहीतर दोरी गुंडाळून तिला काठीने पीळ द्यायचा.

मळसूत्राने दाब देण्याची कल्पनाही जुनीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने मळसूत्राच्या दाबयंत्राचे वर्णन केले आहे. पण सुताराच्या हातातले क्लॅम्प पुढे कित्येक शतके लाकडीच राहिले, आटेसुद्धा लाकडातच कापलेले. १८००च्या सुमारास इंग्रज यंत्रकार हेन्री मॉडस्लेच्या लेथवर धातूचे अचूक आटे पडू लागले, १८४१मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या दुसऱ्या इंग्रज यंत्रकाराने आट्यांसाठी एकच प्रमाणित माप सुचवले आणि पोलादी स्क्रू हळूहळू आवाक्यात आला. शिकागोची ॲडजस्टेबल क्लॅम्प कंपनी १९०३ची. जर्मनीत बेसी कंपनीने स्क्रू क्लॅम्प बनवायला घेतले ते १९३६मध्ये.

तसबिरीच्या चौकटीने मात्र या सरळ क्लॅम्पना दाद दिली नाही. तिचे कोपरे ४५ अंशांत कापलेले असतात. समोरासमोरच्या दोनच बाजू आवळल्या की तिरका सांधा सरसाच्या ओलाव्यावर घसरतो. शिवाय चार कोपऱ्यांना आठ काप लागतात. प्रत्येक काप अर्धाच अंश एकाच बाजूला चुकला, तरी तीन कोपरे घट्ट बसवल्यावर चौथ्यात ४ अंशांची फट उघडते, आणि ती कुठल्याही क्लॅम्पने मिटत नाही. जोर लावून मिटवलीच, तर चौकटीला पीळ बसतो. इथे दाब चारही कोपऱ्यांवर एकदम आणि सारखा यावा लागतो. म्हणून कोपऱ्यांवर चार ठोकळे ठेवून भोवती पट्टा आवळणारा क्लॅम्प आला. मला त्यात ती जुनी पिळाची दोरीच दिसते, फक्त काठीच्या जागी स्क्रू आला.

१९१२मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ क्लाट्टेने पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हे रसायन शोधले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा पांढरा गोंद कारखान्या-कारखान्यांत पोहोचला. हा गोंद निवून आळत नाही. त्यातले पाणी लाकडात शिरते, हवेत उडते, तेव्हा तो धरतो. तोवर निदान अर्धा-पाऊण तास सांधा जागचा हलता कामा नये. सरसाच्या काळी लवकर मोकळा होणारा क्लॅम्प आता अडकून पडू लागला, आणि सुतारांना एकाऐवजी डझनभर क्लॅम्प लागू लागले. तिरक्या कापावर लाकडाच्या नळ्या अर्धवट उघड्या असतात आणि गोंद पिऊन टाकतात. त्यामुळे जाणते कारागीर आधी पातळ हात मारतात, थोडे थांबून दुसरा देतात आणि मगच पट्टा आवळतात. पट्टा आवळला की लगेच दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. नसतील तर गोंद ओला आहे तोवरच लांब कर्णाच्या टोकांवर दाब देऊन ती सरळ करता येते.